उतरणीचा आवाज

आंबेनळी घाटाखालून,
२५ जानेवारी

प्रिय मोरू,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळी धडधाकट आहेत. सासूबाईंचा दात परवा पडला, तो त्यांनी पुडीत बांधून आल्यागेल्याला दाखवायला ठेवलाय, एवढीच काय ती पडझड. पत्र लिहिते आहे ते अशासाठी की फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "हां ताई, बरा आहे, गाडी आलीय, नंतर करतो," हे सगळं म्हणायला तुला नऊ सेकंद लागतात, मी मोजलेत. मागे कळंबोलीचे हॉर्न वाजत असतात आणि तुझं ते 'नंतर' काही येत नाही. पत्र निदान मध्येच कट करता येत नाही. खालच्या आळीतला प्रितम उद्या तुझ्याकडेच निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक डबा देते आहे. डबा पत्र वाचून झाल्यावर उघडायचा. आधी उघडलास तर मला कळेल. लहानपणापासून कळत आलंय.

तर बातमी अशी की आमच्या ट्रकचा आवाज सापडला. कुठला आवाज म्हणून विचारू नकोस, मला राग येईल. ज्या ठकठकीसाठी तू गाडीचं अख्खं इंजिन उघडलंस, जी इंजिन बसवल्यावर दहा दिवस गप्प राहून पुन्हा सुरू झाली, आणि जिच्यापायी तुझ्या भाऊजींनी माझ्याच घरात, तू जेवायला बसलेला असताना, नवी बेरिंगं सांगून जुनीच घासूनपुसून बसवलीस असं तुला म्हटलं, तोच तो आवाज. तू ताटावरून उठलास. महिन्याभरात पोलादपूरच्या गॅरेजचं शटर ओढलंस ते ओढलंसच. कुणी विचारलं तर मी सांगते की कळंबोलीला काम जास्त आहे म्हणून गेला. पण नाक्यावर सगळ्यांना ठाऊक आहे की भिकू ड्रायव्हरने सख्ख्या मेव्हण्याला चोर म्हटलं आणि त्यानंतर मेव्हण्याच्या दारात गाड्या लागेनाशा झाल्या. येत्या शिमग्याला तीन वर्षं होतील. तीन वर्षांत तू या घराची पायरी चढलेला नाहीस आणि मी तुला चढ असं धड म्हटलेलंही नाही.

आता आवाज शोधला कोणी ते ऐक. मी. हस, हसून घे. स्टेपनी कशाला म्हणतात हे जिला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं त्या तुझ्या ताईने.

तू गेल्यावर ह्यांनी गाडी दुसरीकडे दाखवलीच नाही असं नाही. महाडला एकाने जुनी गाडी आहे, वाजायचीच, असं म्हणून जाड ऑइल टाकून दिलं. बिरवाडीच्या दुसऱ्याने पुन्हा इंजिन खोला म्हणून सांगितलं. पण ह्यांचा कुठल्याच मेस्त्रीवर विश्वास राहिला नव्हता. आपल्या माणसाने फसवलं तिथे परके काय सोडतील, हे त्यांचं एकच पालुपद. मग काय, ऑइल बदललं की थोडे दिवस शांतता, पुन्हा ठकठक. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही, कारण आवाजाचं नाव काढलं की तुझं नाव निघायचं. जेवताना सगळे आमटी फार छान झाली आहे असं काहीतरी बोलत बसायचे. रोजच्या आमटीचं एवढं कौतुक मी जन्मात ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर मात्र आवाज वाढला. हे सकाळी जांभ्या दगडाचे चिरे भरून महाबळेश्वरला चढतात आणि दुपारी भाजी नाहीतर स्ट्रॉबेरीचे खोके घेऊन उतरतात, हे तुला माहीत आहेच. माझी अंगणवाडी वाडीच्या टोकाला, तिच्या मागेच घाटाचं वळण. वर जाणारी, खाली येणारी प्रत्येक गाडी मला तिथे ऐकू येते. आणि आपले कान कसे आहेत ते तुला सांगायला नको. उमरठला बाबांच्या भाताच्या गिरणीत आपण डोळे मिटून खेळायचो ना, पट्टा घसरला की चाळण अडकली ते आवाजावरून सांगायचं? दहातले सात डाव मी जिंकायचे. तू म्हणशील, आठ डाव तूच जिंकायचास. म्हण. मोठा मेस्त्री तू झालास म्हणून काही जुने डाव बदलत नाहीत.

अंगणवाडीत आजारी पोर आलं की मी आधी कपाळाला हात लावत नाही. आईला विचारते, ताप कधी चढतो, सकाळी की तिन्हीसांजेला, उपाशीपोटी की खाऊन झाल्यावर, खेळताना की निजल्यावर. बाया वैतागतात, म्हणतात बाई औषध द्या, वेळा काय विचारता. पण मला एवढ्या वर्षांत कळलेलं एवढंच आहे की दुखणं कुठे आहे ते ओळखायचं तर ते कधी येतं ते आधी विचारावं. म्हणून पोरांच्या वजनाच्या वहीच्या मागच्या पानावर मी गाडीचं लिहायला लागले. चढताना नाही. उतरताना आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. पंचवीस दिवस लिहिलं, पंचवीसही दिवस तेच. चढणीला भरली गाडी कण्हतकुथत जायची पण एक ठोका चुकीचा नाही. उतरताना ठकठक, मग बंद, मग पुन्हा ठकठक.

एका संध्याकाळी भाकऱ्या भाजता भाजता मी ह्यांना ते सांगितलं. हे हसले. म्हणाले, "उतरताना इंजिनाला काम काय असतं गो? नुसतं फिरतं ते. बेरिंग वाजायची तर चढनीला वाजंल, लोड आल्यावर. तुझ्या भावानंच सांगितलेलं." तुझं नाव घेतलं नाही, पण 'तुझा भाऊ' तरी म्हणाले, म्हणून मला जरा धीर आला. मी विचारलं, मग उतरताना काम कोण करतं? तर म्हणतात, "ब्रेक करतो, दुसरं कोन?" आणि टीव्हीकडे वळले. ते वळले, पण माझी भाकरी तव्यावर करपली.

संक्रांतीला अंगणवाडीला सुट्टी होती. मी म्हटलं, मला गाडीतून न्या. त्यांना वाटलं बाईला महाबळेश्वर बघायचंय. मी मांडीवर वजनाची वही घेऊन बसले. चढताना काही नाही, ते मला ठाऊकच होतं. उतरायला लागलो तसं मी विचारलं की ब्रेकची हवा किती आहे ते कुठे दिसतं. त्यांनी समोरचा काटा दाखवला. वळण आलं की ते ब्रेक दाबायचे आणि काटा थोडा खाली यायचा. दोन-तीन वळणांनी तो बराच उतरला की ठकठक सुरू. मग काटा हळूहळू चढायचा, टोकाला गेला की खालून कुठूनतरी 'फुस्स' व्हायचं आणि ठकठक बंद. पुन्हा दोन वळणं, पुन्हा ठकठक, पुन्हा फुस्स. अर्धा घाट उतरेपर्यंत मी त्यांना आधीच सांगायला लागले, आता वाजेल, आता थांबेल. चौथ्यांदा बरोबर आलं तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला, आणि माझ्याकडे असं बघितलं की लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. म्हणाले, "कॉम्प्रेसर."

तुला एव्हाना सगळं कळलं असेल, पण मला सांगू दे, मी पहिल्यांदाच गाडीतलं काहीतरी सांगते आहे. ब्रेकच्या टाकीत हवा भरणारा तो पंप. टाकीत हवा कमी झाली की तो कामाला लागतो, भरली की फुस्स करून आराम करतो. चढणीला ब्रेक लागत नाहीत, म्हणून त्याला काम नाही, म्हणून आवाज नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ वाजायचं ते आम्ही थंड इंजिन म्हणून सोडून द्यायचो, तेव्हाही तो टाकीच भरत असायचा. अंगणात आल्यावर ह्यांनी त्याचा पट्टा काढून टाकला आणि इंजिन सुरू केलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोरू, ज्या इंजिनाला आम्ही तीन वर्षं शेवटच्या घटका मोजणारं समजत होतो ते मजेत गुरगुरत होतं. ह्यांनी कॉम्प्रेसरची पुली हाताने हलवून बघितली, ती खुळखुळली. मग ते पायरीवर बसले. भर घाटात तो बंद पडला असता तर टाकीत असेल तेवढ्याच हवेवर ब्रेक, हे त्यांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाला सांगत होते ते मी ऐकलं. ऐकून मी आत जाऊन देवापुढे उभी राहिले, हात जोडायचंही सुचलं नाही.

आता तुझी चूक सांगते. रागावू नकोस, मी मोठी आहे, मला हक्क आहे. त्या दिवशी मी तुझ्यासाठी डबा घेऊन गॅरेजवर आले होते. गाडी उभी, नुकतीच सुरू केलेली, आणि ठकठक चाललेली. तू एकेका सिलिंडरच्या डिझेलच्या नळीचा नट सैल करत होतास आणि मला समजावत होतास की ज्याचं डिझेल तोडल्यावर आवाज थांबेल त्याचं बेरिंग गेलेलं. पहिला सैल केलास, आवाज चालू. दुसरा, चालू. तिसरा सैल केलास आणि आवाज थांबला. तू पाना वर धरून माझ्याकडे बघून हसलास. आणि त्याच वेळी खालून फुस्स झालं होतं. मला वाटलं टायरची हवा गेली, मी वाकून बघितलंसुद्धा. तू म्हणालास, "काही नाही ग ताई, टाकी भरली." टाकी भरली! तीन वर्षं ते दोन शब्द माझ्या कानात होते आणि तुझ्या तोंडात होते, आणि आपण दोघं गिरणीवाल्याची पोरं. तो नट परत आवळून पुन्हा एकदा सैल केला असतास तरी तुला कळलं असतं. तू केला नाहीस, कारण ताई बघत होती आणि तुला ताईसमोर एका फटक्यात दुखणं सांगायचं होतं. यात निम्मा दोष माझा धर. पुढे नवं ऑइल पडलं, त्याने कॉम्प्रेसरही दहा दिवस गप्प झाला, आणि तुझं निदान बरोबर ठरल्याचे आपण पेढे खाल्ले.

पण चुकणं वेगळं आणि चोरी वेगळी. हे मला कळतं, तुला कळतं. ह्यांना कळायला अजून वेळ होता. पायरीवरून उठल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "म्हंजे इंजिन तवाबी बरंच व्हतं. मंग मोरूनं उघडून काढलं काय नि टाकलं काय?" बघ, आवाज सापडला, पण तू सुटला नाहीसच. उलट आणखी अडकलास. आधी तू वाईट काम केलेला मेस्त्री होतास, आता चांगलं इंजिन उघडून पैसे घेतलेला झालास. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तो तसाच हातात राहिला. सासूबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या, फार वेळ.

तुझ्या एका खोडीचं मला नेहमी हसू यायचं. महाडच्या तुझ्या उस्तादाने लावलेली. इंजिनातून काढलेला जुना भाग कितीही कुजका असो, फडक्यात बांधून गाडीमालकाच्या हातात द्यायचा. लोक म्हणायचे, याचं काय करू, लोणचं घालू? तू म्हणायचास, घाला, पण घरी न्या. काढलेलं तुमच्या घरी असलं म्हणजे आत नवं आहे हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. आणि कुठला तुकडा कुठून काढला ते कळावं म्हणून प्रत्येकावर खिळ्याने आकडा कोरायचास. पाचाचा आकडा तू शाळेपासून उलटा काढतोस, गुरुजींनी छड्या मोडल्या तरी सुलटा झाला नाही. मला ही सगळी फुकटची मेहनत वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना एक गोष्ट दाखवली. काय ते शेवटी सांगते, अजून जरा धीर गोळा करते आहे. त्यानंतर ते कसे वागले ते आधी ऐक. आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि चालत पोलादपूरला गेले, गाडी उभीच होती ना. नाक्यावर ज्यांना ज्यांना त्यांनी तुझ्याबद्दल सांगितलं होतं ती सहा माणसं त्यांना नावानिशी आठवत होती. एकेकाला गाठून सांगितलं की मोरूचं काम चोख होतं, मी खोटं बोललो. पाच जण नाक्यावरच भेटले. सहावा बिरवाडीला खोली घेऊन राहतो, त्याच्याकडे एसटीने गेले. तो कामावर होता म्हणून दारात तीन तास बसून राहिले. घरी आले तेव्हा मी विचारलं, काही म्हणाला का तो? तर म्हणतात, "त्याला आठवतबी नव्हतं." मग हसले आणि डोळे पुसले. मी या माणसाबरोबर बावीस वर्षं संसार केला, त्यांना रडताना मी दुसऱ्यांदा बघितलं.

गाडी अजून अंगणात उभी आहे. मी म्हटलं, महाडहून कुणी मेस्त्री आणू या, धंदा किती दिवस बंद ठेवायचा? तर नाही म्हणतात. कॉम्प्रेसरला कुणाला हात लावू देत नाहीत. पट्टा काढून खुंटीला टांगलाय, तिथे आता माझी ओली पिशवीसुद्धा अडकवायची नाही. तुला फोन करायला तीनदा घेतला, तीनदा खाली ठेवला. मला म्हणाले, "तूच लिव. तुझं अक्षर बरं हाय." त्यांना वाटतं मी त्यांच्या वतीने माफी मागायला बसले आहे. त्यांची माफी ते स्वतः मागतील, त्याला मी मध्ये येणार नाही.

तुला आठवतं, उमरठला तू काही पराक्रम केलास आणि बाबांच्या हातात काठी आली की तू त्यांना कधीच उत्तर द्यायचा नाहीस. माझ्याकडे बघायचास. मी पुढे व्हायचे, जे असेल ते सांगायचे, आणि काठी खाली जायची. एकदासुद्धा मी मागे राहिले नव्हते. आता डबा उघड. त्यात तू काढलेल्या जुन्या बेरिंगांपैकी तिसऱ्या नंबरची जोडी आहे. बाकीची दहा अर्धुकं ह्यांनी केबिनमध्ये देवाच्या तसबिरीपाशी ठेवली आहेत, पाचाचा आकडा उलटाच आहे. काम झालं त्या दिवशी तू फडक्यात बांधलेली ती गाठ रिकाम्या जेवणाच्या डब्याबरोबर माझ्या पिशवीत ठेवली होतीस, भाऊजींना दे म्हणून. घरी आले तर पाहुणे बसलेले. मी गाठ तांदळाच्या रिकाम्या डब्यात टाकून फळीवर ठेवली आणि विसरले. तेवढं खरंच विसरले. मग तो दिवस आला. हे ओरडत आत आले, "नवी टाकलीस तर जुनी कुठं हायत? दाव मला." तू त्यांना उत्तर दिलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस. ताईकडे दिलीत एवढं म्हणाला असतास तर मला डबा काढावाच लागला असता, पण तू माझं नाव घेतलं नाहीस, मी आपणहून बोलेन म्हणून थांबलास. आणि मी चुलीकडे बघितलं. गाडी तुझ्याकडे लावायचा हट्ट माझा होता, आवाज परत आल्यापासून माहेरावरून रोज टोमणे ऐकत होते, त्यात डबा काढला तर भावाचं बहिणीने लपवलं असं होईल, असं काहीतरी त्या एका क्षणात डोक्यात आलं. संध्याकाळी सांगू म्हटलं. मग उद्या म्हटलं. मग तू गॅरेज बंद केलंस आणि सांगायला तोंडच राहिलं नाही. फळीवरून तो डबा मी दर दिवाळीला पुसला, उघडला नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो ओटीवर ओतला तेव्हा हे माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "मी त्याला चोर बोललो, आनि तू बाजूला उभी व्हतीस." सासूबाई म्हणाल्या, "तांदळाच्या डब्याला ग्रिसाचा वास मला कवाचा येतोय. म्हटलं, ही कवा उघडतेय बघू." त्या आवाजाचं निदान मला आता करता आलं, पण तुझी चोरी नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ते सांगायला काही निदान लागत नव्हतं. तुला ह्यांनी घालवलं नाही, मोरू. मी घालवलं. हे कुणाच्या तोंडून नको, माझ्याच हाताने लिहिलेलं तुझ्याजवळ असावं म्हणून हे पत्र. येत्या रविवारी ये. शिमग्यापर्यंत थांबू नकोस. गाडी तुझ्यासाठी उभी आहे, आणि मीही. दारातून आत आलास की कॉम्प्रेसरकडे नंतर बघ, आधी एकदा माझ्याकडे बघ. या वेळी मी चुलीकडे बघणार नाही.

तुझीच,
ताई